मोहाखालची शिकवणी

एका जंगलात त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. चैत्रातलं ऊन सकाळी येऊन दगडांवर बसलं, ते संध्याकाळ झाली तरी उठायचं नाव घेईना. पळसाचं पान हलत नव्हतं. नदीचं पाणी आटून आटून इतकं उरलं होतं, की मासे एकमेकांना 'जरा सरका' म्हणत होते.

अशा त्या दिवशी, बाळांनो, सोनबा अस्वल आपल्या गुहेच्या तोंडाशी बसला होता. अंगावर हे एवढे केस, त्यात तो उकाडा. पण आत जायला तो तयार नव्हता. पोरीची वाट बघत होता. पोरीचं नाव झिपरी.

करवंदीच्या जाळीपलीकडे साळोबा साळिंदराचं बीळ. तोही बाहेर येऊन बसला होता.

"काय सोनबा, आज बाहेर?"

"झिपरी शिकवणीला गेलीय. येईल आता."

"आमचा टोक्याही तिथंच. पोरं शिकतायत म्हणायची."

"शिकतायत तर!"

"टोक्या घरी आला की जो आडवा होतो, तो सकाळपर्यंत उठत नाही. इतका अभ्यास होतो बघ त्याचा."

"आमची झिपरी परवा एकटीच हसत आली," सोनबा म्हणाला. "वाटेत कोणी नाही, काही नाही, आणि ही आपली हसतेय. विद्येची गोडी लागल्याशिवाय कोणी असं हसत नाही."

"खरं आहे," साळोबा म्हणाला. "आपल्या वेळी कुठं होत्या शिकवण्या?"

आता तुम्ही विचाराल, जंगलात शिकवणी कुठली? विचाराच. कारण त्या जंगलातल्या एकाही आईबापाने ते विचारलं नव्हतं. कोण शिकवतं, काय शिकवतं, फळा कुठं आहे, काही नाही. शिकवणी म्हटलं की त्यांचं पोट भरायचं.

तर ऐका. टेकडीमागे मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुडाशी कातळात एक खड्डा. फाल्गुनात अवकाळी पाऊस पडून गेला, तो खड्डा भरला. वरून मोहाची फुलं टपटप पडत राहिली. पडली, भिजली, फुगली, आंबली. त्या पाण्याला असा काही वास सुटला की माश्यासुद्धा तिरक्या उडायला लागल्या.

पोरांना तो खड्डा सापडला. कोणती पोरं? ज्यांचे दुधाचे दात पडलेत आणि अकलेचे यायचेत, ती.

पण घरी सांगायचं काय? खोटं बोलायचं नाही, असं प्रत्येकाला आईने बजावलेलं. तेव्हा वानरिणीच्या हुप्याने डोकं चालवलं. त्याने त्या खड्ड्याचंच नाव ठेवलं 'शिकवणी'.

झालं! 'कुठं होतास?' 'शिकवणीत होतो.' 'उशीर का झाला?' 'आज शिकवणीत खूप होतं.' अक्षर खोटं नाही.

आता झिपरीचं सांगतो. अस्वलांत पोरं आईच्या पाठीवर वाढतात. झिपरीही तशीच वाढली, सगुणाच्या पाठीवर, केस घट्ट धरून. आणि रोज सांज झाली की सोनबा यायचा आणि पोरीच्या टाळूवर नाक टेकून हुंगायचा. लांब श्वास घेऊन. अस्वलांत माया करायची हीच रीत. त्यांना मिठी मारता येते, पण अस्वलाची मिठी काय असते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मग सगुणाला दुसरं बाळ झालं. पाठ बाळाला गेली. झिपरी खाली उतरली. उतरायचं वयच होतं म्हणा.

एकदा नदीवर, पोरांच्या घोळक्यातच, सोनबाने तिची टाळू हुंगली. झिपरीने मान झटकली.

"शी बाबा! सगळ्यांसमोर काय?"

सोनबाच्या ते मनाला लागलं. सगळ्यांसमोर नको, एवढंच म्हणाली होती ती. त्याने अजिबातच सोडून दिलं.

असे दिवस चालले होते. आणि एक दिवस जंगलात आक्रीत घडलं. वाघोबाचा बच्चा भर दुपारी हरणांच्या कळपात शिरला आणि एका म्हाताऱ्या हरणाच्या गळ्यात पडून रडला.

"तुम्ही किती चांगली माणसं आहात हो!" म्हणाला. "आम्ही तुम्हाला उगीच खातो!"

हरणं वाघाला घाबरतात ते माहीत आहे. पण रडणाऱ्या वाघाला ती जितकी घाबरली, तितकी कधी घाबरली नव्हती. सगळा कळप दोन डोंगर ओलांडून गेला. त्या म्हाताऱ्या हरणाने सांगितलं, की पोराच्या तोंडाला मोहाचा भपकारा येत होता.

वाघोबाने वडाखाली सभा बोलावली.

"माझ्या पोराला कोणीतरी बिघडवलंय," तो गुरगुरला. "एरवी माझ्या घरात असं होणं नाही. माझा धाक आहे. माझ्यासमोर पोरगा मान वर करत नाही!"

ते खरंच होतं. मान वर करत नसल्यामुळेच तर त्याचे डोळे कधीपासून लाल आहेत, ते वाघोबाला दिसलं नव्हतं.

वानरीण फांदीवरून म्हणाली, "धाकाने काय होतंय भावजी? मी तर हुप्याची आई नाहीच मुळी. मैत्रीण आहे त्याची. काय करायचं ते माझ्यासमोर कर, म्हणते मी."

"आणि करतो?"

"समोर जे करतो ते समोर करतोच. मागे काय करतो ते मी कशाला विचारू? मैत्रिणी असं विचारत नाहीत."

कोकिळाबाईही आल्या होत्या. त्यांना गाण्याच्या कार्यक्रमाला जायची घाई होती.

"आमच्या पोराचा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "अंड्यात होता तेव्हापासूनच कावळ्यांकडे आहे. तिथली शिस्त चांगली आहे म्हणतात."

"आता दिसतो कसा?" सगुणाने विचारलं.

"काळाच असेल," कोकिळाबाई म्हणाल्या आणि उडाल्या.

सोनबा मागे बसून ऐकत होता. आपण नक्की कसले बाप आहोत, हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो आपला झिपरीचा बाप होता. यापलीकडे त्याने विचार केला नव्हता.

शेवटी तळ्यावरच्या बगळेगुरुजींना बोलावलं. गुरुजी एका पायावर उभे राहून तासन् तास डोळे मिटतात, म्हणून जंगलात त्यांना मोठा मान. ते आले, एका पायावर उभे राहिले आणि बोलू लागले. पोरांचं मन, पोरांचा ताण, पोरांचं भावविश्व. कुणाला काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

"मुख्य म्हणजे मुलांशी संवाद साधा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, संवाद म्हणजे काय?" एका बेडकाने विचारलं.

"असा जवळ ये, सांगतो."

बेडूक जवळ गेला. त्यानंतर कुणीही काही विचारलं नाही.

मग ठराव झाला. रोज सांजेला प्रत्येक आईबापाने पोराला दारात उभं करून त्याचं तोंड हुंगायचं. आणि पुनवेला गुरुजी घरोघर येणार. ज्या घरचं पोर निर्मळ, त्या घराला सागवानी पाटी. पाटीवर लिहिलेलं : 'हे घर निर्व्यसनी आहे.'

सगुणाला ती पाटी फार आवडली. "गुहेच्या उजव्या अंगाला शोभेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून हुंगणं सुरू झालं. आणि पोरं हुशार, शिकवणीला जाणारी. मोहाच्या वाटेवर रानसब्जा उगवतो. येताना त्याची मूठभर पानं चावली की तोंडाला देवळासारखा वास. त्या चैत्रात पोरांनी एवढा सब्जा खाल्ला की सशांना वासालासुद्धा उरला नाही. आणि घरोघर आया एकमेकींना सांगत होत्या, "आमच्याला आता सात्त्विक आवडायला लागलंय हो."

झिपरीच्याही तोंडाला सब्जाचा वास यायचा. सोनबा दारात तोंड हुंगायचा, मान हलवायचा आणि पोर आत जायची. पण त्याला बरं वाटत नव्हतं. काय खुपतंय तेही कळत नव्हतं. पोर हसत येत होती आणि गप्प बसत होती. जेवताना पाठ करून बसत होती.

त्याने साळोबाला विचारलं.

"धाक लागतो रे," साळोबा म्हणाला. "मला तर ओरडावंही लागत नाही. नुसते काटे उभे करतो. टोक्या गप्प!"

सोनबाला काटे नव्हते. तेव्हा त्या सांजेला त्याने वाघोबासारखी डरकाळी फोडून बघितली. बाळ दचकून रडायला लागलं. वटवाघळं गुहा सोडून गेली. सगुणा आतून म्हणाली, "काय हो, दाढ दुखतेय का?"

झिपरी म्हणाली, "जी बाबा," आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट सब्जा खाऊन यायला लागली.

मग त्याने वानरिणीची तऱ्हा धरली. झिपरीजवळ जाऊन बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "मग काय झिपरे! काय म्हणतेय तुमची ग्यांग? काही मजाबिजा?"

झिपरीने त्याच्याकडे बघितलं. "बाबा, बरं नाही का तुम्हाला?"

तो उठला आणि जाऊन आपला दारात बसला. कोकिळाबाईंची तऱ्हा तेवढी उरली होती. ती त्याच्याने होण्यातली नव्हती.

अशीच एक सांज. अंधार पडायला अजून अवकाश होता. झिपरी आली. हसत नव्हती. मान खाली घालून भराभर आली आणि नेहमीसारखी तोंड पुढे करून दारात उभी राहिली. सब्जाचा वास लांबूनच येत होता.

सोनबा पुढे झाला. आता तोंड हुंगायचं. ठराव होता तसा. पण बाळांनो, नाकाला ठराव कळत नाही. ते बिचारं जुन्या सवयीने वर गेलं आणि पोरीच्या टाळूवर टेकलं.

झिपरी हलली नाही. 'शी बाबा' म्हणाली नाही.

सोनबाने लांब श्वास घेतला आणि तो तिथंच थबकला. टाळूवरचे केस ओले होते. आणि केसांना मोहाचा वास होता.

"झिपरे," तो हळूच म्हणाला, "तोंडाने सब्जा खाल्लास. मग मोह काय डोक्याने प्यालीस?"

झिपरीला हसू आलं. पण ते ओठापर्यंत येईतो त्याचं रडू झालं.

"मी पडले बाबा."

"कुठं?"

"शिकवणीत."

"शिकवणीत पोर पडते कशी?"

"शिकवणी म्हणजे खड्डा आहे बाबा. मोहाखालचा. आम्ही तिथं पितो." आणि मग ती थांबेचना. "मी खूप प्यायले होते. पाय घसरला. डोकं खाली गेलं. वर कुठलं, खाली कुठलं, काही कळेना. नाकातोंडात सगळं गेलं. ते सगळे काठावर बसून हसत होते. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय."

"मग?"

"मोहाचं मूळ हाताला लागलं. ते धरून आले."

सोनबाच्या घशात वाघोबाची डरकाळी येऊन बसली होती. जिभेवर वानरिणीचं 'जाऊ दे गं, होतं असं' येऊन बसलं होतं. दोन्ही एकदमच बाहेर यायला निघाली आणि दारात अडकली. म्हणून काहीच बाहेर आलं नाही. कधीकधी हळू असण्याचा असा फायदा होतो.

तो खाली बसला. झिपरीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं चाटून कोरडं करू लागला.

बराच वेळ झाला. मग झिपरी म्हणाली, "चांगलं लागतं ना?"

"लागतं," सोनबा म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

"तुम्ही पिता ना होळीला?"

"पितो."

"मग?"

"मग काय! पितो, आणि दुसऱ्या दिवशी वारूळ समजून ओंडक्यात नाक खुपसून बसतो. तुझ्या आईला विचार."

"ओंडका नव्हता, दगड होता," सगुणा आतून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. बाळाला घेऊन ती बाहेर आली नाही, हे तिचं शहाणपण.

"दगड तर दगड," सोनबा म्हणाला. "पण मी भाजलेलं मडकं आहे झिपरे. फुटलो तर फुटलो. तू अजून कच्ची आहेस. कच्च्या मडक्यात पाणी भरलं तर मडकंच विरघळतं. पुढच्या होळीला मीही घरी बसेन. जमतंय का बघू. पण तुझी शिकवणी उद्यापासून बंद."

"सगळे हसतील मला."

"त्यांना सांग, बाप सोडत नाही. सांग, बाप खडूस आहे. सगळं माझ्यावर घाल. माझी पाठ रुंद आहे."

"आणि मला जावंसं वाटलं तर?"

"वाटेल की. तू माझ्यावर चिडशीलही. चीड. मी इथंच बसलेला असेन."

बाळांनो, झिपरी चिडलीच. तुम्हाला वाटलं असेल, बापाच्या गळ्यात पडली आणि शहाणी झाली. तशी पोरं गोष्टीत असतात. ही दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसली. सांजेला सोनबा म्हणाला, "चल, वारुळावर जाऊ." म्हणाली, "नको." तो म्हणाला, "चल." दोघं गेली. ती त्याच्याशी अक्षर बोलली नाही. त्याने तिला वाळवी काढून दिली. ती तिने खाल्ली, पण रागाने खाल्ली.

असंच रोज. मग हळूहळू राग वाळवीपुरता उरला. मग एक दिवस झिपरी म्हणाली, "बाबा, तुम्ही भोक फार मोठं पाडता, सगळी वाळवी पळते." सोनबाला एवढं बरं वाटलं की त्याने मुद्दाम आणखी मोठं भोक पाडलं.

पण मधलं एक राहिलं. पोर पडली त्याच्या दुसऱ्याच सकाळी सोनबा झिपरीला म्हणाला होता, "तुझं नाव मी कुठं घेणार नाही. पण तो खड्डा मी बुजवणार." आणि त्याने एकट्याने डोंगरावरचे दगड लोटून खड्डा बुजवला.

दुपारपर्यंत सगळं जंगल त्याच्या दारात.

"आमच्या पोरांची शिकवणी बंद पाडलीस?" वाघोबा गरजला.

"अहो, ती शिकवणी नव्हती. आंबलेल्या मोहाचा खड्डा होता. पोरं तिथं पीत होती. एखादं बुडून मेलं असतं."

वानरीण हसली. "भावजी, दुसऱ्यांची पोरं पुढं गेली की बघवत नाही ना? हुप्या तर शिकवणीत पहिला असायचा!"

"तो पहिला असायचा, हे खरं आहे," सोनबा म्हणाला.

वाघोबाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. "म्हणजे आमचा पोरगा उन्हातान्हातसुद्धा न चुकता जायचा, तो..." एवढं म्हणून तो थांबला. क्षणभर, बाळांनो, एक क्षणभर तो नुसता एक बाप होता. मग त्याने मिशा झाडल्या. "शक्यच नाही! माझ्यासमोर तो मान वर करत नाही!"

साळोबाही गर्दीत होता. त्याचे काटे उभे होते.

पोरांचं काय झालं? पोरांना दुसरा खड्डा सापडला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'जादा तास'. आईबाप आधीपेक्षा खूश झाले.

मग पुनव आली. बगळेगुरुजी पाट्या घेऊन निघाले. पाट्या वाहायला दोन रेडे होते. प्रत्येक दारात गुरुजी एका पायावर उभे राहायचे आणि पोराला विचारायचे, "बाळ, तू मोह पितोस का?"

"नाही गुरुजी."

"शाबास!" की लागली पाटी.

वाघोबाच्या दाराला लागली. वानरिणीच्या झाडाला लागली. हुप्याने 'नाही गुरुजी' म्हणताना फांदी चुकली आणि तो खाली पडला, पण गुरुजी म्हणाले, नम्र आहे. कावळ्याच्या घरट्यालासुद्धा लागली. टोक्याने 'नाही' म्हणताना उचकी दिली, तरी साळोबाच्या बिळाला लागली.

शेवटी गुरुजी सोनबाच्या गुहेशी आले. मागे सगळी गर्दी. सगुणाने उजवी बाजू झाडून ठेवली होती.

"बाळ झिपरी, तू मोह पितेस का?"

झिपरीने बापाकडे बघितलं.

सोनबाच्या मनात आलं, म्हण 'नाही'. आता नाही पीत, तेव्हा खोटंही होणार नाही. आईची हौस भागेल. इतक्या लोकांत पोरीचं हसं होणार नाही. सगळं त्याच्या मनात आलं. पण त्याने खूण केली नाही, की डोळा घातला नाही. तो नुसता तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"प्यायले गुरुजी," झिपरी म्हणाली. "खूपदा प्यायले. एकदा बुडता बुडता वाचले. आता नाही पीत. पण अजून कधीकधी प्यावंसं वाटतं."

बगळेगुरुजींनी दुसरा पाय खाली टेकवला. असं त्या जंगलात आधी कधी झालं नव्हतं.

"अरेरे!" ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या जंगलात एकच पोर पिणारं निघालं!"

"आणि ते अस्वलाच्या घरचं," वानरीण म्हणाली. "बापाचं लक्ष नको पोरीकडे?"

"धाक नाही, धाक!" वाघोबा म्हणाला.

पाटी परत रेड्यावर चढली. त्याच दिवशी सगळ्या घरांतून पोरांना ताकीद गेली : त्या झिपरीच्या संगतीला जायचं नाही, बिघडाल. पोरं म्हणाली, "बरं," आणि आज्ञाधारकपणे जादा तासाला गेली.

झिपरी दारात बसली होती. डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मी 'नाही' म्हणायला हवं होतं का?"

सोनबाने विचार केला. तो सावकाश विचार करायचा.

"पाटी गेली खरी," तो म्हणाला. "आईला वाईट वाटलंय. आपण तिला मधाचं पोळं आणून देऊ. पण 'नाही' म्हणाली असतीस, तर उद्यापासून तू 'वारुळावर चला' म्हणालीस तरी मी विचार करत बसलो असतो, ही खरंच वारुळावर नेतेय की वारूळ हे कशाचं नाव आहे?"

झिपरी खुदकन हसली. सगुणा आतून म्हणाली, "पोळं मोठं आणा."

दोघं पोळं घेऊन परतली तेव्हा करवंदीच्या जाळीत खसखस झाली. साळोबा बाहेर आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. झिपरी पोळं घेऊन आत गेली, तेव्हा कुठं तो पुढं सरकला. काटे सगळे खाली पाडलेले. त्याला असं कुणी कधी बघितलं नव्हतं. काट्यांविना तो फारच लहान दिसत होता.

"पाटी मस्त दिसते रे तुझ्या दाराला," सोनबा म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो खरंच म्हणाला.

साळोबाने पाटीकडे बघितलं नाही. पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "सोनबा, आमच्या टोक्याच्या तोंडाला रोज सब्जाचाच वास येतो रे. आमची काटेरी जात, टाळूपर्यंत नाक न्यायला जमत नाही, आणि विचारलं तर तो गप्प होतो. तू जरा विचारून बघशील का त्याला? तुला सांगेल तो."

तात्पर्य : ज्याला आपलं घर निर्व्यसनी राखायचं असेल, त्याने पोरांशी कधी बोलू नये. बोललं की पोरं खरं सांगतात, आणि खऱ्या घराला पाटी मिळत नाही.